जांभळाचं मूळ

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी दोन फूट लांबीची माशांची टाकी आहे. साधारण ६० लिटर पाण्याची. त्यात गप्पी मासे, काही छोट्या तांबड्या कोळंब्या, थोडी हिरवळ आणि मधोमध एक वेडंवाकडं लाकूड. पाहुणे आले की मासे बघतात, लाकडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर ही टाकी आम्ही त्या लाकडासाठीच घेतली. मासे नंतर आले.

ते लाकूड म्हणजे जांभळाचं मूळ आहे. निपाणीजवळच्या आमच्या गावी, शेतातल्या विहिरीच्या काठावर ते झाड होतं. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या वडिलांनी लावलेलं. आबांच्या काळात सगळ्या रानात तंबाखू असायची, पुढे ऊस आला, पण जांभूळ होतं तिथंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्याच्या फांदीवरून विहिरीत उड्या मारायचो आणि जिभा जांभळ्या करून घरी जायचो. आबा सांगायचे, "जांभळाची हीर हाय ही, हिला कवा शेवाळ धरायचं न्हाई." खरंच, मे महिन्यातसुद्धा त्या विहिरीचा तळ दिसायचा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या भागातलं कुणी विसरणार नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, वाहतूक थांबली. त्या पुरात आमचं जांभूळ मुळासकट उन्मळलं आणि विहिरीवर आडवं झालं. शेती माझे काका बघतात, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. वाटण्या झाल्यात, पण विहीर सामाईक आहे. तात्यांनी झाडाचं खोड विकलं. बाबांना ते गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं. बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे राग आला की माणसं भांडत नाहीत, बोलायची थांबतात. त्यानंतर दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटायचे, 'बरं आहे का' म्हणायचे आणि दोन टोकांना जेवायला बसायचे.

२०२२ च्या मे महिन्यात मी आणि बाबा गावच्या जत्रेला गेलो होतो. परत निघताना बाबांनी गाडी विहिरीकडे घ्यायला सांगितली. मुळांचा एक ढीग बांधावर अजून पडलेला होता. त्यातला हातभर लांबीचा, तीन फाटे असलेला तुकडा त्यांनी उचलून डिकीत टाकला आणि म्हणाले, "चल. आपला वाटा एवढाच." तात्यांना आम्ही विचारलं नाही.

घरी आणल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. देवघराजवळ आईनं ठेवू दिलं नाही, गच्चीवर ठेवलं तर बाबांना बघवेना. तेव्हा मला माशांच्या टाकीची कल्पना सुचली. अशा टाकीत लाकूड ठेवतात, मासे त्याच्या आडोशाला राहतात, एवढं मला माहीत होतं. शिवाय जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. जुन्या काळी विहिरीच्या बांधकामात ते वापरायचे ते याच गुणासाठी. 'पाण्याच्या टाकीत जांभळाचं लाकूड टाका, शेवाळ होणार नाही' असा निरोपही मोबाईलवर अधूनमधून फिरत असतो. आबांचं बोलणं आणि तो निरोप, दोन्ही एकमेकांना जुळले. मला आणखी पुरावा लागला नाही.

लाकूड थेट टाकीत टाकत नाहीत, हे मात्र मी नीट वाचलं होतं. आधी वरची साल आणि कुजका भाग काढून टाकला. मग उकळायचं ठरलं. आईचा तांब्याचा हंडा सोयीचा होता, पण तांबं कोळंब्यांना विषारी असतं, म्हणून जर्मनचं मोठं पातेलं भाड्याच्या भांडीवाल्याकडून आणलं. तीन-चार तास उकळल्यावर पाणी काळ्या चहासारखं झालं. लाकडातलं टॅनिन उतरतं ते हे. त्यानं माशांना अपाय होत नाही, फक्त पाणी तांबूस दिसतं. मग दोन महिने पाण्याच्या पिंपात भिजत ठेवलं, दर आठवड्याला पाणी बदललं. लाकूड बुडून तळाला बसलं तेव्हा ते तयार झालं. टाकीत ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात त्यावर पांढरी बुळबुळीत साय आली. ती नव्या लाकडावर येतेच, आपोआप जाते. तशी ती गेलीही.

माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. माशांची नावं तिनं ठेवली. कुंदा, भडंग, करदंट. म्हणजे आपल्या भागात जे जे खायला मिळतं ते सगळं टाकीत पोहत होतं. बाबा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे. बातम्या लागलेल्या असायच्या, पण ते मूळ बघत असायचे.

सात-आठ महिने छान गेले. मग २०२३ च्या सुरुवातीला मुळाच्या फाट्यांवर काळपट करडे झुपके दिसायला लागले. दाढीचे खुंट असावेत तसे. पंधरा दिवसांत त्यांनी अख्खं मूळ धरलं. इंग्रजीत त्याला काळ्या दाढीचं शेवाळ अशाच अर्थाचं नाव आहे, आणि माशांच्या टाकीतलं सगळ्यात चिवट शेवाळ म्हणून त्याची ख्याती आहे.

मी टूथब्रशनं घासलं. वरवर गेलं, आठवड्यात परत आलं. नायलॉनचा कडक ब्रश आणला. तेच झालं. लाकूड गुळगुळीत काचेसारखं नसतं, त्याच्या प्रत्येक चिरेत शेवाळाचा धागा रुतून बसतो आणि तिथून पुन्हा फुटतो. घासल्यानं उलट त्याचे तुकडे पाण्यात पसरतात. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्यांनी काचा लख्ख केल्या, झुपक्यांना तोंड लावलं नाही.

बाबा एकदा म्हणाले, "जांभळाला शेवाळ लागत नाही म्हणायचे ना आबा?" बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ती माझ्यावरच केल्यासारखी वाटली.

पुढचा भाग सांगायला मला आवडत नाही. पण तुमच्या घरी टाकी असेल तर तो तुमच्या उपयोगाचा आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइडनं हे शेवाळ मरतं असं मी वाचलं. जखम धुवायला वापरतात ते, औषधाच्या दुकानात मिळतं. ते पाण्यात विरून शेवटी पाणी आणि ऑक्सिजन एवढंच उरतं, त्यामुळे प्रमाणात वापरलं तर धोका कमी. सिरिंजनं थेट झुपक्यांवर सोडायचं, तेवढा वेळ फिल्टर बंद ठेवायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू करायचा. मी वाचलेल्या हिशेबानं माझ्या टाकीला १५ ते २० मिलिलीटर पुरे होतं. पण झुपके फार होते. म्हणून मी ४० सोडलं. एवढ्यात कंपनीतून फोन आला, आमची एक प्रणाली बंद पडली होती. मी लॅपटॉपसमोर बसलो आणि उठलो तो दीड तासानं, लेकीच्या हाकेनं. फिल्टर बंदच होता. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते. कोळंब्या कडेला पडल्या होत्या.

घाईनं निम्मं पाणी बदललं, फिल्टर लावला. संध्याकाळपर्यंत अकरापैकी चार मासे उरले. कोळंबी एकही नाही. कुंदा गेली. लेक रडली नाही. ती बाटली हातात घेऊन बसली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबा, यावर लिहिलेलं होतं की. तू वाचलं नाहीस?"

मी बाटली घेतली. त्यावर '६ टक्के, २० व्हॉल्यूम' असं छापलेलं होतं. मी वाचलेलं सगळं प्रमाण ३ टक्क्यांच्या द्रावणाचं होतं. परदेशात तेच सर्रास मिळतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुतेकदा ६ टक्क्यांचं असतं. म्हणजे मी आधीच दुप्पट सोडलेलं, त्याची पुन्हा दुप्पट झाली. बी.ई. होऊन बारा वर्षं झाली, रोज दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या एककांच्या चुका मी शोधतो. आणि सात वर्षांच्या पोरीनं वाचलं ते मी वाचलं नव्हतं.

त्या रात्री मी ठरवलं, हे मूळ काढून टाकायचं आणि बांधावरच्या ढिगातला दुसरा स्वच्छ तुकडा आणायचा. बाबा म्हणाले, "बघ तुला काय ते." रविवारी एकटाच निघालो. हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट. ही वाट झोपेतसुद्धा जमेल, पण त्या दिवशी घाट उतरताना मला सारखं वाटत होतं की तात्यांना काय सांगायचं. या वेळी विचारूनच घ्यायचं, एवढं पक्कं होतं.

तात्या विहिरीवरच होते. चहा झाला. मी सगळं सांगितलं. आधीचा तुकडा न विचारता नेला हेही सांगितलं. ते हसले. "मला ठाऊक हाय की. ढिगातलं मूळ चालत जातंय व्हय?"

मग मी शेवाळाचं सांगितलं, आबांचं वाक्य सांगितलं. त्यावर ते थांबले. "लाकडाला शेवाळ येत न्हाई असं आबा कवा म्हणालं? ते म्हणायचं जांभळाच्या हिरीला येत न्हाई. आता बघ की हिरीत."

मी वाकून बघितलं. पाणी हिरवंगार होतं. कडेच्या दगडांना लांब शेवाळ लोंबत होतं.

"झाड पडलं, दुसऱ्याच उन्हाळ्याला ही अशी झाली. वरनं दिवसभर ऊन, आणि रानातलं खत पावसाचं वाहून येतंय ते आत. शेवाळाला आणि काय पायजे? सावली हुती तवर गप हुतं."

मी तिथंच कठड्यावर बसलो. गोष्ट इतकी साधी होती. लाकडात काही जादू नव्हती, सगळं काम सावलीचं होतं. आता महापुरानं विहिरीत गाळही आणला होता, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या सावलीला देता येणार नाही. पण ऊन आणि खत या दोन गोष्टी माझ्या टाकीतही होत्याच. टाकी पश्चिमेच्या खिडकीखाली. वरचा दिवा सकाळी आठपासून रात्री झोपेपर्यंत चालू, कारण बाबा समोर बसायचे. आणि खाणं? मी घालायचो, बायको घालायची, आई घालायची आणि लेक तर शाळेतून आल्या आल्या. चार माणसं एकाच अकरा माशांना जेवायला वाढत होती. उरलेलं तळाला कुजत होतं. कामावर आम्ही एखाद्या बिघाडाचं मूळ कारण शोधतो म्हणतो. इथं मी तीन महिने मूळ घासत होतो आणि कारण खिडकीत होतं.

निघताना मी खोडाचा विषय काढला. काढायचा नव्हता, निघाला. तात्या म्हणाले, "खोड आतनं पोखरलेलं हुतं. आलं ते हिरीवरच्या मोटरीला घातलं. पुरात जळाली हुती ती. तुमच्या रानालाबी पाणी तिचंच जातंय." आमचं रान ज्यांना वाट्यानं दिलं आहे, त्यांच्याकडून आम्हाला हे कधी कळलं नव्हतं. मी विचारलं, "बाबांना का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "त्यानं इचारलं न्हाई. मीबी म्हटलं, इचारंल तवा सांगू."

नवा तुकडा मी आणला नाही.

आता टाकीचं काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणाला उपयोग होईल. मूळ टाकीबाहेर काढून टबात ठेवलं. ब्रशनं जेवढं निघेल तेवढं काढलं. साबण, ब्लीच काही लावलं नाही. लाकूड सच्छिद्र असतं, ते पिऊन घेतं आणि नंतर पाण्यात सोडत राहतं. ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी मिसळून ते ३ टक्के केलं आणि हातमोजे घालून झुपक्यांवर लावलं. फसफसून बुडबुडे आले. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्यात दोनदा धुतलं आणि परत टाकीत ठेवलं. चार-पाच दिवसांत काळे झुपके चक्क गुलाबी झाले. हे शेवाळ काळं दिसत असलं तरी जातीनं लाल शेवाळ आहे. मरताना त्याचा हिरवा रंग आधी जातो आणि आतला तांबडा उघडा पडतो. आई ज्याचं पुडिंग करते तो चायना ग्रासही समुद्रातल्या लाल शेवाळापासूनच होतो. हे तिला सांगितल्यावर तिनं महिनाभर पुडिंग केलं नाही.

पण खरा उपाय पुढचा होता. खिडकीला जाड पडदा लावला. दिव्याला टायमर लावून सात तासांवर आणला, संध्याकाळी बाबांच्या वेळेला लागेल असा. खाण्याचा डबा लेकीच्या ताब्यात दिला. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, रविवारी उपास. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवतो आणि शिवाय क्लोरीन काढायचे थेंब घालतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळतो. त्यात घाण पचवणारे जिवाणू असतात, ते जगले पाहिजेत. आणि वर थोड्या तरंगत्या वनस्पती सोडल्या. त्यांची सावली बरोबर मुळावर पडते. म्हणजे जांभळाच्या मुळावर आता दुसऱ्या कुणाची तरी सावली आहे. या वनस्पती जास्त झाल्या की मी वाळवून कुंडीत घालतो. कृपा करून कुणी असल्या वनस्पती किंवा मासे किल्ला तलावात किंवा नदीत सोडू नका. जलपर्णीनं आपल्या तलावांचं काय केलं ते आपण बघतोच आहोत.

शेवाळ पूर्ण गेलं का? नाही. एका फाट्याच्या खालच्या बाजूला थोडं आहे आणि राहील. पाणी, प्रकाश आणि जीव जिथं आहेत तिथं शेवाळ असतंच. ते वाढेनासं झालं, एवढं मला पुरेसं आहे.

तात्यांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. नदीत दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या नावाचा मासा असतो, लहानपणी ते आणि बाबा हातानं पकडायचे. घरी येऊन मी शोधलं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या माशांची शास्त्रीय नोंद केली, ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्यात त्यानं या माशाला 'मुल्या' हेच नाव दिलं, इथल्या लोकांच्या तोंडचं. आज शास्त्रात त्याला गारा मुल्या म्हणतात. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मळ्या पकडण्यात तात्या पटाईत. माझ्या हातातून निसटायचा." चार वर्षांत त्यांच्या तोंडून तात्यांचं नाव असं सहज आलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी मोटरीचं सांगितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला विचारायला काय झालं होतं?" हे ते तात्यांबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये ते स्वतः बसनं निपाणीला गेले. मला गाडी काढू दिली नाही. दोन दिवस राहिले. येताना पिशवीत गूळ होता आणि मोबाईलमध्ये एक फोटो. विहिरीच्या काठावर जांभळाची दोन रोपं, भोवती काट्यांचं कुंपण, आणि एका बाजूला तात्यांची सावली. फोटो बाबांनी काढलेला, त्यामुळे थोडा तिरका.

बियांपासून लावलेल्या जांभळाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. विहिरीवर पुरेशी सावली पडायला तर त्याहून जास्त. लेकीनं हिशेब केला, तेव्हा ती कॉलेजात असेल. तोपर्यंत विहीर हिरवीच राहणार. पण या वर्षी उन्हाळ्यात गाळ काढायचं दोघांनी ठरवलंय. खर्च निम्मा निम्मा.

टाकीत आता नऊ मासे आहेत. नव्या मासोळीचं नाव लेकीनं पुन्हा कुंदाच ठेवलं आहे. औषधाची बाटली वरच्या फळीवर आहे. तिच्यावर लेकीनं स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलंय : '६ टक्के. बाबा, वाच.'